शाळेच्या सहलीतले नागपूर

नागपुरातल्या शाळांच्या सहली कोठे जातात, याचा आपण कधी हिशेब केला आहे काय? महाराजबागेतले प्राणी, रमण विज्ञान केंद्र, फुटाळा तलाव. सवड जास्त असेल तर रामटेक किंवा सेवाग्राम. इतिहासाच्या नावाने अजब बंगला, दीक्षाभूमी आणि झिरो माइलचा दगड. बस थांबते, मुले उतरतात, रांग लागते, मास्तर दोन वाक्ये सांगतात, छायाचित्र निघते आणि डबे उघडतात. यात वाईट काही नाही. डबा उघडणे हा तर सहलीचा आत्मा आहे, आणि ज्याने शाळेच्या सहलीत दुसऱ्याच्या डब्यातला चिवडा खाल्ला नाही त्याला सहल कळलीच नाही, असे आम्ही खुशाल म्हणू. परंतु तीनशे वर्षांहून अधिक जुन्या या शहरात मूल दहा वर्षे शाळेत जाते, दरसाल एकदा सहलीला जाते, आणि आपला आजा या गावात कशासाठी आला, काय काम करीत होता, हे मात्र त्याला एकाही सहलीत कळत नाही. आमचे दुखणे एवढेच आहे.

कामगार संघटनेत हयात घालवलेल्या माणसाने शाळेच्या सहलींवर बोलावे, याचे श्रोत्यांपैकी काहींना नवल वाटले असेल. महाविद्यालयाची पायरी आम्ही चढलेलो नाही. जे वाचले ते संघटनेच्या कचेरीतल्या एका कपाटातले आणि सार्वजनिक वाचनालयातले. परंतु गेली काही वर्षे आम्ही आणि गिरणीतून निवृत्त झालेले आमचे काही सोबती मिळून शाळांच्या मुलांना शहर दाखवीत आलो आहोत. सहल आखणे म्हणजे बस ठरवणे नव्हे, काय दाखवायचे आणि काय झाकायचे हे ठरवणे होय, ही गोष्ट या कामात आम्हांला रोज नव्याने दिसते.

शहर दाखवण्याचा धंदा नागपुराला नवा नाही. भोसल्यांचे राज्य डलहौसीने 1854 साली खालसा केले, 1861 साली मध्यप्रांत निर्माण झाला, आणि लगेच 1863 साली येथे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, उभा राहिला. डिसेंबर 1865 मध्ये नागपुरात कला, कारागिरी व पिके यांचे मोठे प्रदर्शन भरले. सर रिचर्ड टेंपल तेव्हा मुख्य आयुक्त होते. हा काळ ध्यानात घ्या. अमेरिकेतले यादवी युद्ध नुकतेच संपलेले, मँचेस्टरच्या गिरण्या चार वर्षे कापसावाचून तडफडलेल्या, आणि साहेबाची नजर वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातीवर खिळलेली. प्रांतात काय पिकते आणि काय विकत घेता येईल हे मांडून दाखवायचे, हा त्या प्रदर्शनामागचा एक हेतू होता, यात शंका नाही. म्हणजे आमच्या गावाची पहिली मोठी सहल आखली ती गिऱ्हाइकाच्या सोयीने.

इंग्लंडातही सामुदायिक सहलीचा उगम असाच हेतूचा आहे, फक्त हेतू निराळा. टॉमस कुक याने 5 जुलै 1841 रोजी लेस्टरहून लफबरोला आगगाडीने सुमारे पाचशे माणसे नेली, ती दारूबंदीच्या सभेसाठी. दर माणशी एक शिलिंग. पुढे त्याचे नाव जगभरच्या प्रवासी कंपनीला लागले, पण आरंभ झाला तो साध्या माणसांना दारूच्या गुत्त्यापासून दूर, उघड्या हवेत न्यावे या खटपटीतून. आपल्याकडे मुले ज्या रविवारी सहलीला जातात, तो रविवार तरी कोठून आला? मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा भरवून, अर्जांवर हजारो सह्या गोळा करून 1890 साली मिळवलेली. ही गोष्ट आम्ही बसमध्येच सांगतो, गाडी सुरू झाल्याबरोबर. मुलांना ती आवडते. सुटीची गोष्ट कोणाला आवडत नाही?

आता आमच्या फेरीकडे वळू.

पॅट्रिक गेडिस नावाचा एक स्कॉटिश विद्वान नगररचनेचा सल्ला देत हिंदुस्थानभर फिरला आणि नागपूर नगरपालिकेसाठीही त्याने 1917 साली अहवाल लिहिला. एडिंबरो शहरात त्याने एक मनोरा शिक्षणासाठी वापरात आणला होता. पाहणाऱ्याने आधी माथ्यावर जाऊन सगळे शहर एका नजरेत पाहायचे, मग एकेक मजला उतरत आपले शहर, आपला देश, आणि सरतेशेवटी जग, असे समजून घ्यायचे. ही कल्पना आम्हांला फार पटली. आमच्या गावाला असा मनोरा देवाने आयताच दिला आहे: सीताबर्डीची टेकडी. अडचण एवढीच की किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि सामान्य माणसाला तो 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट अशा मोजक्याच दिवशी उघडा असतो. त्यांतला 1 मे हा महाराष्ट्र दिन तसा कामगार दिनही आहे, म्हणून आम्हांला सोयीचा. पण त्या वेळी शाळा बंद आणि ऊन पंचेचाळीसच्या घरात. तेव्हा किल्ल्याची गोष्ट बहुधा पायथ्याशी उभे राहूनच सांगावी लागते.

गोष्ट मात्र सांगण्याजोगी आहे. 26 व 27 नोव्हेंबर 1817 रोजी अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेत आणि रेसिडेंट जेंकिन्सच्या पलटणीत या दोन टेकड्यांवर लढाई झाली. भोसल्यांच्या बाजूने लढणाऱ्या अरबांनी धाकटी टेकडी एकदा जिंकलीही होती. अखेर इंग्रज टिकले, आणि महिन्याभरात नागपूर त्यांच्या मुठीत गेले. टेकडीवरचा जो किल्ला आज दिसतो तो भोसल्यांचा नव्हे, लढाईनंतर इंग्रजांनी बांधलेला आहे. मुलांना हे सांगितले की ती जरा हिरमुसतात. किल्ला म्हटला की तो आपल्याच राजाचा असणार, अशी त्यांची समजूत असते.

येथे वाटाड्यांच्या एका खोडीबद्दल बोलले पाहिजे. 1923 साली गांधीजींना या किल्ल्यात कैदेत ठेवले होते, असे अनेक वाटाडे सांगतात आणि छापील माहितीतही ते उतरले आहे. वस्तुतः गांधीजींना मार्च 1922 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. ते येरवड्याच्या तुरुंगात होते आणि फेब्रुवारी 1924 मध्ये आजारपणामुळे सुटले. मग 1923 साली ते नागपुरात कसे असतील? त्या वर्षी नागपुरात झाला तो झेंडा सत्याग्रह. तिरंगी झेंडा घेऊन गोऱ्या वस्तीकडे जाण्यास बंदी होती. ती मोडण्यासाठी देशभरातून माणसे येथे आली आणि शेकड्यांनी तुरुंगात गेली. जमनालाल बजाज पकडले गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली. इतकी खरी गोष्ट हाताशी असताना एका थोर नावाची उसनवारी करण्याचे कारण काय? आम्हांला वाटते, कारण असे की झेंडा सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या शेकडो माणसांची नावे वाटाड्याला येत नाहीत, आणि गांधीजींचे येते.

झिरो माइलचेही तेच. हा देशाचा मध्यबिंदू, येथून सगळ्या हिंदुस्थानची अंतरे मोजत, असे मुले पाठ करून येतात. आम्ही त्यांना म्हणतो, पाठ केलेले बाजूला ठेवा आणि दगड वाचा. खांबावर गावांची नावे व मैल कोरलेले आहेत: हैदराबाद 318, जबलपूर 170, चांदा 125, शिवनी 79. शेजारचा छोटा दगड त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून 1020.171 फूट अशी 1907 साली ठरवली गेली. मग मुलांना मैलांचे किलोमीटर करायला लावतो. हैदराबाद 512 निघाले की गणिताच्या बाई खूश होतात. हे मोजमाप करणारी माणसे कोण होती, असे विचारणारा एखादा निघतोच. त्याला आम्ही विल्यम लँबटनची गोष्ट सांगतो. मद्रासेपासून जमीन मोजीत मोजीत तो वीस वर्षे उत्तरेकडे सरकत आला आणि नागपूर गाठण्याआधीच 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तेथेच आहे. त्याच्या अवजड यंत्राचे ओझे ज्यांनी डोंगर चढून वाहिले ते शेकडो हमाल इतिहासात कोठे नोंदलेले नाहीत, ही पुस्ती आम्ही जोडतो. कोणी म्हणेल, हे कामगार पुढारी जेथे तेथे हमाल शोधतात. शोधतोच.

महाल, इतवारी, गोंड राजांचा किल्ला यांच्याविषयी थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर बोलणारे अधिकारी लोक गावात पुष्कळ आहेत. देवगडच्या बख्त बुलंद शाहाने 1702 च्या सुमारास बारा खेडी एकत्र करून हे शहर वसवले. त्याच्या मागून चांद सुलतानाने कोट घातला आणि जुम्मा तलाव बांधून घेतला. आज त्याला आपण गांधीसागर म्हणतो. रघूजी भोसले आले ते नंतर. हे शहर गोंड राजाने वसवले, एवढे वाक्य मुलाच्या मनात पक्के बसले की महालातील फेरीचे काम झाले असे आम्ही समजतो. आमच्यापुरता जुम्मा तलाव महत्त्वाचा, कारण त्याच्याच काठी आमची फेरी थांबते.

तलावाजवळच्या दलदलीच्या जागेवर जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल उभारली. कंपनी 1874 साली निघाली आणि गिरणी सुरू झाली 1 जानेवारी 1877 रोजी, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. त्यावरूनच नाव पडले. गिरण्या तर मुंबईत निघत होत्या. मग नागपूरच का? आम्ही हा प्रश्न मुलांनाच घालतो आणि उत्तर त्यांच्याकडून काढतो. कापूस कोठे पिकतो? आमच्याकडे. आगगाडी कधी आली? 1867 साली. बाष्पयंत्राला कोळसा? वरोऱ्याला. कापड घेणारे? भोवतालचे सगळे शेतकरी. सातवीतल्या मुलांना हे दहा मिनिटांत उमगते. येथल्या एका सावकाराला मात्र ते उमगले नव्हते. खड्डे बुजवण्यासाठी जमिनीत सोने ओतणाऱ्या माणसाला आपण पैसे देणार नाही, असे तो म्हणाला, आणि पुढे त्यानेच कबूल केले की टाटांनी माती टाकून सोने काढले. ही आख्यायिका टाटांच्या चरित्रांत सांगतात. आम्ही ती सांगतो आणि मग थांबून विचारतो: मातीतून सोने आपोआप निघते काय?

गिरणी सुरू झाली तेव्हा तिच्यात सुमारे तीस हजार चात्या आणि 450 माग होते. रेल्वेतून आलेले बेझनजी मेहता व्यवस्थापक झाले. गिरणीचा त्यांना पूर्वानुभव नव्हता, पण माणूस हुशार आणि चिकाटीचा. नव्या तऱ्हेच्या रिंग चात्या हिंदुस्थानात पहिल्यांदा वापरल्या गेल्या त्या याच गिरणीत. निवृत्तिवेतनाचा निधी 1886 साली, अपघाताची भरपाई 1895 साली. कायद्याने सक्ती होण्याच्या कितीतरी आधी या गोष्टी येथे झाल्या, हे आम्ही, जन्मभर मालकांशी भांडलेली माणसे, मोकळ्या मनाने सांगतो. चांगले ते चांगले.

पण त्याच दमात दुसरीही बाजू सांगतो. 1881 सालचा पहिला कारखाना कायदा आम्ही मुलांपुढे ठेवतो. त्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घेण्यास मनाई केली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. ही सुधारणा होती! 1891 साली वय नऊ झाले आणि तास सात. ऐकणारी मुले बारा वर्षांची असतात. ती एकमेकांकडे बघतात, मनातल्या मनात वयाचा हिशेब करतात. एकदा एका मुलीने विचारले, ‘‘नऊ तास काम करून तो मुलगा शाळेत कधी जायचा?’’ तिच्या बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मिटले. मोठ्यांच्या तासांची कहाणीही पुढे चालू राहते: 1911 साली बारा तास, 1922 साली आठवड्याला साठ, 1934 साली चोपन्न, आणि अठ्ठेचाळीस झाले ते 1946 च्या दुरुस्तीने. त्या काळात, 1942 ते 1946, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. जुलै 1942 मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली तीही याच नागपुरात. म्हणून आम्ही दीक्षाभूमीला मुलांना नेतो तेव्हा 14 ऑक्टोबर 1956 ची हकीकत सांगतोच, पण पाळीच्या आठ तासांचाही विषय काढतो. दीक्षाभूमी आणि गिरणीचा भोंगा या दोन निरनिराळ्या सहली नव्हेत.

जातीचा विषय येथे टाळता येत नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना शिरकाव नसे, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने विटाळ होतो अशी इतरांची तक्रार. त्या खात्यात पगार जास्त. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. कामगारांची एकजूट म्हणून आम्ही जी मिरवतो, तिला आतून पडलेली ही चीर आहे. ती मुलांपासून लपवून एकजुटीच्या गोष्टी सांगणे आम्हांला जमत नाही.

यावरून एका शाळेशी आमचे वाजले. शाळेचे नाव सांगत नाही, कारण अशा शाळा अनेक आहेत. फेरी ठरली, तारीख ठरली, आणि आदल्या दिवशी निरोप आला: गिरणी दाखवा, पण संप, टाळेबंदी आणि जात हे विषय नकोत, पालक नाराज होतात. आम्ही वाटाघाटींत मुरलेली माणसे. मुख्याध्यापकांकडे गेलो, चहा घेतला, दोन तास बसलो. ठरले असे की आम्ही आपण होऊन ते विषय काढायचे नाहीत, पण मुलांनी विचारले तर खरे उत्तर द्यायचे. मुख्याध्यापकांना वाटले, जिंकलो. दुसऱ्या दिवशी पहिल्या पंधरा मिनिटांतच एका मुलाने विचारले, ‘‘एवढी मोठी गिरणी होती तर बंद का पडली?’’ पुढचा एक तास आम्ही उत्तर देत होतो.

ते उत्तर सोपे नाही आणि आम्ही ते सोपे करीत नाही. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा, कृत्रिम धाग्याचे कापड, गुंतवणूक न झालेली वर्षे, आणि जमिनीला आलेला भाव. 1986 साली गिरणी टाटांच्या हातून राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, आणि 2002 साली कायमची थांबली. तिच्या जागी आज एम्प्रेस सिटी हे व्यापारी संकुल आहे. मुलांना ते ठाऊक असते. कित्येकांचे वाढदिवस तेथे झालेले असतात. ‘‘आपण कोठे उभे आहोत?’’ असे विचारले की ती एका सुरात ‘‘मॉल!’’ म्हणतात.

मग दाखवायचे काय? गिरणीच नाही तर सहल कसली, असे आम्हांला अनेकांनी ऐकवले. त्यावर आमच्या एका सोबत्याने तोड काढली. विणकाम खात्यात त्यांची तीस वर्षे गेली. ते चाळीस मुलांना अर्धवर्तुळात उभे करतात. निम्म्यांनी टाळ्या वाजवायच्या, निम्म्यांनी पाय आपटायचे, एका ठेक्यात, आणि थांबायचे नाही. गोंगाट शिगेला पोचला की ते समोरच्या मुलाला काही सांगतात. त्याला अक्षर ऐकू येत नाही. मग ते हाताच्या खुणा सुरू करतात: धागा तुटला, जॉबर येतोय, पाणी आण, सुटी झाली. शेकडो माग चालू असलेल्या दालनात माणसे अशीच बोलत, ओठ वाचून आणि बोटांनी. पाच मिनिटांत मुले त्या खुणांनी एकमेकांशी बोलू लागतात, आणि परतीच्या बसमध्ये तेच चालू असते. दगडविटांची इमारत गेली तरी एवढे त्या माणसाच्या हातात शिल्लक आहे. अशी माणसे वर्षाला कमी होत आहेत, याची घाई आमच्या जिवाला लागलेली आहे.

परदेशात हे काम इमारती राखून केले आहे. अमेरिकेत लोवेल गावातल्या जुन्या कापड गिरण्यांना 1978 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तेथील बूट मिलमध्ये जुने माग चालवून दाखवतात आणि शाळांची मुले त्यांचा कानठळ्या बसवणारा आवाज ऐकतात. स्कॉटलंडातील न्यू लॅनार्क, जेथे रॉबर्ट ओवेनने 1816 साली कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली, ते गाव 2001 साली जागतिक वारसा ठरले. आपण म्हणू, ते श्रीमंत देश आहेत. पण आमच्याच गावात, ज्या 2002 साली एम्प्रेस मिल थांबली, त्याच वर्षी डिसेंबरात मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय उघडले. रेल्वेने आपली छोटी इंजिने जपली, रंगवली, मुलांना चढू दिले. जे रेल्वेला जमले ते कापडाला का जमू नये? एखादा माग, एखादी रिंग, भोंगा, हजेरीची बिल्ले-पाटी, एवढे एका दालनात मावते. ही मागणी आम्ही या व्यासपीठावरूनही करून ठेवतो. मागणी करण्याची सवय सुटत नाही.

तोवर आम्ही सेवाग्रामच्या सहलीचा उपयोग करतो. वर्ध्याला ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार देशापुढे आला. तेथील मगन संग्रहालय 1938 सालचे. सहलीत मुलांना टकळी हातात मिळाली की आम्ही सांगतो, एक धागा काढून पाहा. तो तुटतो, पुन्हा तुटतो. मग विचारतो: अशा तीस हजार चात्या एका छपराखाली, आणि त्या फिरवायला किती माणसे, किती तास? गांधीजींचा गिरणीवरचा आक्षेप आणि गिरणी कामगाराचा अभिमान, दोन्ही एकाच टकळीवर मुलांना दिसतात. त्यांच्या आधी या गावात हातमागाचे कापड विणणारे कोष्टी आणि मोमीन होतेच. गिरणीच्या सुताने त्यांना आधी हात दिला आणि गिरणीच्या कापडाने मग त्यांचा बाजार खाल्ला.

आता व्यवहाराचे. फेरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावी, सकाळी आठला निघावे, बाराच्या आत संपवावी. एका वाटाड्यामागे पंचवीस-तीसहून जास्त मुले नसावीत; मागच्या रांगेला ऐकू गेले नाही की तेथे दंगा सुरू होतो, आणि दोष मुलांना मिळतो. तीनच जागा दाखवाव्यात; सात दाखवल्या तर मुलाला बसच आठवते. मुलींसाठी स्वच्छतागृह कोठे आहे हे आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहावे, दूरध्वनीवर विश्वासू नये. मुलांना आधी घरी विचारून यायला सांगावे: आजी-आजोबा कोणते काम करीत, या गावात कोणत्या साली आले. ज्या मुलाचा आजा गिरणीत होता, तो त्या दिवशी वर्गाचा राजा असतो. एरवी तो मागच्या बाकावर बसणारा असतो.

आणि वाटाड्याचे मानधन. बसवाल्याला पैसे, खानावळीला पैसे, प्रवेशाची तिकिटे रोख. वाटाड्याला मात्र शाल आणि नारळ. सत्तरीचा माणूस तीन तास उभा राहून आपले आयुष्य उलगडून सांगतो, तेही काम आहे. आमच्या फेरीत प्रत्येक वाटाड्याला ठरलेली रक्कम त्याच दिवशी हातात मिळते, आणि ज्या शाळेला परवडत नाही तिच्यासाठी संघटना भरते. एका वक्त्याने आम्हांला सुनावले की इतिहाससेवेला मोल लावू नये. ते स्वतः मानधन घेऊन बोलत होते.

येत्या हिवाळ्यात आम्ही कामठीची फेरी आखीत आहोत. छावणीचे गाव, विणकरांचे गाव, विडी कामगारांचे गाव. बाबू हरदास यांनी तेथे विडी कामगारांना एकत्र आणले आणि 1939 साली, ऐन पस्तिशीत, ते गेले. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. विडी कामगारांचे संघटक म्हणून क्वचितच. विडी वळणाऱ्या काही बायांनी मुलांना काम दाखवण्याचे मान्य केले आहे. तेंदूचे पान भिजवणे, कापणे, तंबाखू भरणे, वळणे, दोरा बांधणे, सगळे त्यांच्या ओसरीवर. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, तेव्हा मुलांशी बोलण्यात गेलेला तास म्हणजे न वळलेल्या विड्या. बायांनी हा मुद्दा पहिल्याच बैठकीत काढला. तासाभरात जितक्या विड्या होतात तितक्यांची मजुरी शाळेने द्यावी, असा मसुदा आम्ही तयार केला आहे. दोन शाळांनी तो मान्य केला आहे आणि तिसरीशी बोलणी चालू आहेत.